पदकावरचं लग्न आणि यादीतली मुंबई

मागचं व्याख्यान उल्हासनगरला झालं, तेव्हा विषय जुन्या नाण्यांचा होता. बोलता बोलता आम्ही सांगून गेलो की इंग्लंडच्या राजाला लग्नात मुंबई आंदण मिळाली आणि त्या लग्नाची पदकंही निघाली. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. कॅम्पातले जुने रहिवासी, लहानपणी आईवडिलांचं बोट धरून सिंधमधून आलेले. त्यांनी विचारलं, "सर, उस मेडल पे बंबई का क्या लिखा है? और वहाँ के लोगों से किसी ने पूछा था?"

आम्ही म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. हॉलची वेळ संपली होती हे खरं. पण आमच्याजवळ उत्तर तयार नव्हतं, हेही तितकंच खरं. आज अंबरनाथमध्ये आपण जमलो आहोत ते त्या दोन प्रश्नांसाठी. ते गृहस्थ आज आलेले दिसतात, समोरच बसलेत. म्हणजे आता सुटका नाही.

आधी पदक म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे पदक म्हटलं की शर्यतीत मिळालेलं, रिबिनीला लटकणारं किंवा पोलीस अधिकाऱ्याच्या छातीवरचं डोळ्यांपुढे येतं. आपण बोलतोय ते पदक यातलं नाही. दिसायला ते मोठ्या जाड नाण्यासारखं असतं, दोन बाजू, एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला चित्र, कडेने गोल अक्षरं. पण त्याने भाजी आणता येत नाही. नाणं लोकांना स्वीकारावंच लागतं, पदक मात्र कुणीतरी कुणालातरी प्रेमाने, मानाने किंवा हिशेबाने दिलेलं असतं.

या प्रकाराची सुरुवात साधारण १४३८-३९ मध्ये इटलीत झाली. पिसानेल्लो नावाच्या चित्रकाराने कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचं पदक केलं. त्याच पिसानेल्लोने १४४४ मध्ये फेराराच्या लिओनेल्लो दे एस्ते या राजपुरुषाच्या लग्नाचं पदक केलं, आणि ते आपल्याला नीट बघायला हवं. लिओनेल्लो म्हणजे छोटा सिंह. पदकाच्या मागच्या बाजूला एक सिंह उभा आहे आणि त्याच्यासमोर पंखवाला छोटा मदन सुरावटीचा कागद धरून त्याला गाणं शिकवतोय. सिंह तोंड उघडून गातोय! प्रेमाने सिंह माणसाळला, असा अर्थ. किती गोड कल्पना आहे.

आता पुढची बाजू. तिथे लिओनेल्लोचा चेहरा आणि भोवती त्याच्या पदव्या. त्या पदव्यांच्या शेवटी तीन छोटी संक्षिप्तं आहेत. ती उलगडली की अर्थ निघतो, 'आरागॉनच्या राजाचा जावई'. नवरी होती मारिया, आरागॉनच्या राजाची मुलगी. पदकावर तिचा चेहरा नाही आणि नावही नाही, सासऱ्याचं पद मात्र आहे. लग्नाचं पदक म्हणून जे अगदी आरंभीचं आणि सर्वांत देखणं मानलं जातं, त्यात वधू गैरहजर आणि 'जावई' हा शब्द हजर. मंडळी हसताय, पण आपल्या पत्रिका आठवा. 'यांची ज्येष्ठ कन्या' आणि 'यांचे कनिष्ठ चिरंजीव' यांच्यामध्ये कुणाचे किती हुद्दे छापलेले असतात ते आठवा.

पदक घडवण्याच्या दोन रीती. पिसानेल्लो मेणात प्रतिमा करायचा आणि मग ती धातूत ओतली जायची. प्रत्येक पदक जवळजवळ वेगळं, थोडं खडबडीत, हाताची ऊब असलेलं. नंतर पोलादी ठसे कोरून स्क्रूच्या दाबयंत्राखाली पदकं छापायची रीत आली. इथे एमआयडीसीत ज्यांनी प्रेसवर नोकरी केली आहे त्यांना 'डाय' म्हणजे काय ते आम्ही सांगायला नको, त्यांनीच आम्हाला सांगावं. डाय आली की एकच लग्न शंभरदा छापता येतं. सोन्यात वकिलांना आणि नात्यातल्या राजांना, चांदीत सरदारांना, तांब्यात खालच्यांना. चित्र तेच, धातू मानपानाप्रमाणे. विहीणबाईंची पैठणी आणि शेजारणीचा ब्लाउजपीस, हा हिशेब त्यांच्याकडेही होता.

आणखी एक फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. इथून चालत जाण्याच्या अंतरावर वालधुनीच्या काठी आपलं शिवमंदिर आहे, शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, शिलालेख असलेलं. तो लेख वाचायचा तर मंदिरापाशीच जावं लागतं. दगड आपल्या जागी राहतो. पदक मात्र खिशातून प्रवास करतं. लिस्बनला, पॅरिसला, रोमला जातं आणि परक्याच्या कपाटात जाऊन बसतं. राजाला जे लांबवर आणि पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचवायचं असेल ते तो पदकावर घालतो. म्हणून तिथला एकेक शब्द मोजून घेतलेला असतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर १६६३ मध्ये पदकांवरचे आणि स्मारकांवरचे लेख ठरवायला विद्वानांचं मंडळच नेमलं. १७०२ मध्ये त्याच्या कारकिर्दीचा इतिहास पदकांच्या रूपात ग्रंथ म्हणून निघाला, त्यात २८६ पदकं आहेत. आमच्या क्षेत्रातला लायब्निझसुद्धा या नादातून सुटला नाही. शून्य आणि एक या दोनच अंकांनी सगळ्या संख्या लिहिता येतात, हा शोध त्याने १६९७ मध्ये एका ड्यूकला कळवला तो पदकाचा आराखडा म्हणून. शून्यातून सृष्टी, अशी त्याची कल्पना. तत्त्वज्ञान्याला पदक कुणी देत नाही, म्हणून त्याने स्वतःच काढायचं ठरवलं असावं, अशी आमची आपली एक समजूत.

आता इंग्लंडकडे येऊ. १६२५ मध्ये पहिल्या चार्ल्सचं लग्न फ्रान्सच्या राजकन्येशी, हेन्रिएटा मारियाशी झालं. त्या वेळच्या छोट्या पदकावर पुढे दोघांचे समोरासमोर चेहरे आहेत आणि मागे मदन फुलं उधळतोय. लॅटिन लेखाचा अर्थ, 'प्रेम गुलाबात मिसळलेल्या लिली उधळतं'. गुलाब हे इंग्लंडचं चिन्ह, लिली फ्रान्सचं. पदकाची भाषा ही अशी असते. दोन राज्यांचा करार झाला, पण चित्रात दिसतात फुलं. याच चार्ल्सचं पुढे १६४९ मध्ये डोकं उडवलं गेलं, राजेशाही गेली, अकरा वर्षांनी परत आली आणि त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर बसला. हा आपला नवरदेव. गादी मिळाली होती, तिजोरी रिकामी होती.

पलीकडे पोर्तुगाल. १६४० मध्ये स्पेनच्या जोखडातून सुटलेला, पण स्पेन पुन्हा गिळेल या धास्तीत. त्यांना बलवान सोयरे हवे होते. त्यांची राजकन्या, ब्रागान्झा घराण्याची कॅथरीन. २३ जून १६६१ रोजी तह झाला. आम्ही याला तह न म्हणता 'याद्या' म्हणतो. आपल्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची मोठी माणसं बसून याद्या करतात. कुणी काय द्यायचं, कुणाचा मान काय, खर्च कुणाकडे, सगळं लिहून वर कुंकू लावायचं. चार्ल्स आणि कॅथरीनच्या यादीत होते वीस लाख क्रुझादो, आफ्रिकेतलं टँजियर, ब्रिटिश जहाजांना पोर्तुगीज मुलखात व्यापाराच्या सवलती, आणि अकराव्या कलमात मुंबईचं बंदर आणि बेट. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालला सैन्याची मदत करायची.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. आपल्या देशात हुंडाबंदीचा कायदा लागू झाला १ जुलै १९६१ रोजी. त्या यादीनंतर तीनशे वर्षं आणि आठवडाभर. इंग्रजांचं तेव्हाचं पंचांग दहा दिवस मागे होतं, म्हणून आठवड्याचा आग्रह धरू नका.

यादीतल्या वीस लाखांचं पुढे काय झालं तेही बघा. नवरीला न्यायला जहाजं लिस्बनला गेली तेव्हा राजमातेजवळ रोख रक्कम तयार नव्हती. तिने त्याऐवजी साखर, मसाले असा माल जहाजांवर चढवला आणि बाकीच्या हुंड्या लिहून दिल्या. हुंड्यासाठी हुंड्या! ज्यांनी सोयरीक जुळवली त्यांची काय धांदल उडाली असेल, याची कल्पना आपल्या कार्यालयांतून वावरलेल्या कुणालाही करता येईल. २१ मे १६६२ रोजी पोर्टस्मथला लग्न लागलं, तेही दोनदा. आधी खोलीत गुपचूप कॅथलिक पद्धतीने, कारण नवरी पक्की कॅथलिक, आणि मग लोकांसमोर इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीने.

पदकं कोरली मुख्यतः जॉन रॉटिये याने. हे रॉटिये बंधू मूळचे अँटवर्पचे, सोनाराच्या घरातले. एका पदकावर एका बाजूला चार्ल्स आणि दुसऱ्या बाजूला कॅथरीन आहे. दुसऱ्या एका पदकावर राणीच्या मागच्या बाजूला तिच्याच नावाची संत कॅथरीन उभी आहे. कोरीवकाम अप्रतिम. केसांच्या बटा, मोत्यांची माळ, वस्त्राच्या चुण्या, सगळं धातूत जिवंत. पिसानेल्लोच्या काळापासून दोनशे वर्षांत एवढी प्रगती झाली की वधूला चेहरा मिळाला, नाव मिळालं.

मुंबई? नाही. टँजियर? नाही. वीस लाख तर नाहीतच.

आता इथे थोडं आमच्या शास्त्राकडे वळतो, फार नाही. 'नाही' हे ज्ञान कसं होतं, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसक परंपरेने 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती अट सोन्यासारखी आहे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. टेबलावर हत्ती नाही हे बघून सांगता येतं. टेबलावर जंतू नाहीत हे बघून सांगता येत नाही. तेव्हा पदकावर मुंबई नाही, एवढ्यावरून 'बघा, लपवली' असा ओरडा करणं हे घाईचं ठरेल. आधी विचारायचं, मुंबई तिथे असायला हवी होती का?

१६६२च्या लग्नाच्या पदकांपुरतं आमचं उत्तर आहे, नाही. पदकांवर गावांची नावं येत नाहीत असं मुळीच नाही. लुईने शहर जिंकलं की शहराचं नाव पदकावर येई. पण जिंकलेलं मिरवायचं असतं, आंदणाचं मिरवायचं नसतं. हा त्या प्रकाराचाच रिवाज. आपल्या लग्नपत्रिकेवर कुलदैवत असतं, मुहूर्त असतो, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असतं. याद्यांत ठरलेला फ्लॅट कधी पत्रिकेवर छापलेला बघितलाय? याद्या आणि पत्रिका एकाच लग्नाच्या असतात, पण पत्रिका वाचून याद्या कळत नाहीत. पदक ही पत्रिका आहे.

पण आणखी एक पदक आहे, आणि तिथे आमचं उत्तर बदलतं. ते १६७०चं, रॉटियेचंच. पुढच्या बाजूला राजा आणि राणी, एकामागे एक चेहरे, आणि दोघांची नावं. मागच्या बाजूला पृथ्वीचा गोल आणि लेख, 'डिफ्यूसस इन ऑर्बे ब्रिटानस', म्हणजे जगभर पसरलेला ब्रिटन. रोमन कवी व्हर्जिलने आपल्या पहिल्या गोपकाव्यात ब्रिटन लोकांचा उल्लेख केलाय तो साऱ्या जगापासून तुटलेले लोक म्हणून. पदकावरचा लेख म्हणजे त्या जुन्या वर्णनाला दिलेलं उत्तर आहे, असं आम्हाला वाटतं. तेव्हा तुटलेले होतो, आता पसरलो आहोत. लॅटिन शिकलेल्या प्रत्येकाला ते कळलं असणार.

हे काही लग्नाच्या दिवसाचं पदक नाही. आठ वर्षांनंतरचं आहे. तरी पसरलेल्या साम्राज्याच्या पुढच्या बाजूला राजा एकटा नाही, जोडपं आहे. का? कारण या पसरण्यातला एक तुकडा लग्नातून आला होता. इथे मुंबईला जागा होती, गोल होता, अक्षरांची कड होती. आणि तरीही लेखात एकाही ठिकाणाचं नाव नाही. इथे मात्र मीमांसकांची अट पुरी होते, असं आम्ही म्हणू. असायला वाव होता, आणि नाही.

त्यातली आणखी एक गोष्ट. १६७० मध्ये मुंबई राजाजवळ होती का? नाममात्र. २७ मार्च १६६८च्या सनदेने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली होती, वर्षाला सोन्याच्या रूपात दहा पौंड एवढ्या भाड्यावर. सांभाळायचा खर्च परवडेना. आंदण मिळालेली चीज भाड्याने दिली, आणि दोन वर्षांनी 'जगभर पसरलो' म्हणून पदक काढलं.

आता दुसरा प्रश्न. तिथल्या लोकांना कुणी विचारलं होतं का?

सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजांची जहाजं मुंबईसमोर आली. अब्राहम शिपमनबरोबर सुमारे चारशे सैनिक होते. पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो दे मेलो ए कास्त्रो याने बेट द्यायला नकार दिला. कागदपत्रांत खुसपटं काढली, शिवाय बेट म्हणजे नेमकं किती यावरच तंटा. इंग्रज म्हणत, साष्टी आणि ठाणंही त्यातच. तो म्हणे, फक्त मुंबई. याद्यांत मोघम लिहिलं की पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. शिपमनला मग गोव्याच्या दक्षिणेला, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम ठोकावा लागला. तिथे पाऊस आणि तापाने माणसं पटापट मेली. एप्रिल १६६४ मध्ये शिपमनही गेला. शंभरेक जण उरले. पदकावर गुलाबी गालांचं जोडपं आहे, आणि त्या लग्नाचं वऱ्हाड अंजदीवला पुरलं गेलं.

अखेर शिपमनच्या जागी आलेल्या हम्फ्रे कुकने १८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा घेतला. कागद झाले ते दोना इग्नेझ दे मिरांडा या विधवा बाईच्या घरात. बेटाची मालकीण तीच होती. कुकने बेटावर पावलं टाकली, बुरजांवरून फिरला, हातात माती आणि दगड घेतले. ताबा घेण्याची ही रीतच होती आणि ती कागदात नोंदली आहे. आम्हाला हे दृश्य कुठल्याही पदकापेक्षा बोलकं वाटतं. पण ते कुणी कोरलं नाही.

आणि लोक? यादीत लोक आहेत. अकराव्या कलमात म्हटलंय की रहिवाशांना तिथे राहता येईल आणि आपला कॅथलिक धर्म पाळता येईल. म्हणजे लोकांचा विचार झाला होता, त्यांना विचारलं मात्र नव्हतं. या दोन गोष्टींत अंतर आहे. पुढे कुकबरोबर व्हाइसरॉयने जो करार केला त्यात आणखी एक कलम आहे. पोर्तुगीज गावांतले कुणबी, भंडारी वगैरे पळून मुंबईत आले तर इंग्रजांनी त्यांना थारा द्यायचा नाही. हे कलम आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. पळून येतील ही भीती होती, याचा अर्थ पळून जावंसं वाटणारे होते. कुणब्याला जमिनीबरोबर मोजलेलं आहे, विहिरीसारखं, ताडाच्या झाडासारखं. ज्याचा हात त्या मातीत होता त्याचा उल्लेख आला तो एवढाच.

साहेब, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही का विचारलं असेल तेही आम्हाला त्या रात्री घरी जाताना उमगलं. कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प, तुमच्या आईवडिलांना मिळालेली बराक, ८ ऑगस्ट १९४९ला त्या छावणीचं झालेलं उल्हासनगर. कुणीतरी कुठेतरी कागदावर रेघ ओढली आणि घर पलीकडे गेलं. तुम्हालाही कुणी विचारलं नव्हतं.

आपल्या या खोऱ्याचं तेव्हा काय चाललं होतं, तेही थोडं सांगतो. बदलापूरवरून येणारी उल्हास पुढे कल्याणवरून खाडीत जाते. कल्याण १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलं, आणि १६६१च्या उन्हाळ्यात मोगलांनी ते परत हिसकावलं. तिकडे लंडनमध्ये याद्या होत होत्या, तेव्हाच इकडे ही झटापट चालू होती, आणि दोन्हीकडे एकमेकांची फारशी वार्ता नव्हती. मुंबई बेट इंग्रजांना मिळालं, पण कल्याणचा माल होडीने मुंबईला न्यायचा तर वाटेत ठाण्याला पोर्तुगीजांची जकात. त्यामुळे मुंबईचे इंग्रज अधिकारी कायम कुरकुरत. आंदणात दुकान मिळालं, पण गल्लीचं तोंड दुसऱ्याच्या ताब्यात. साष्टी मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतली, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, आणि साष्टी इंग्रजांच्या हातात पडली ती १७७४ मध्ये, लढाईने. लग्नाच्या यादीतल्या एका मोघम ओळीवरून सुरू झालेला तंटा शंभराहून अधिक वर्षं पुरला.

आता पहिल्या प्रश्नाचा उरलेला भाग. मुंबईचं नाव धातूवर आलं की नाही? आलं. पण पदकावर नाही, नाण्यावर. ५ ऑक्टोबर १६७६च्या सनदेने राजाने कंपनीला मुंबईत रुपये, पैसे आणि बुजरुक पाडायची परवानगी दिली. १६७७चा चांदीचा रुपया आहे. त्यावर लॅटिन नाही, सरळ इंग्रजी आहे, 'द रूपी ऑफ बॉम्बेम', आणि भोवती, दुसऱ्या चार्ल्सच्या अधिकाराने. मागच्या बाजूला राजाची ढाल आणि पदव्या. 'बॉम्बेम' हे पोर्तुगीज वळणाचं रूप. माहेरचं नाव तेवढं टिकलं.

पदकावर कॅथरीन आहे, मुंबई नाही. रुपयावर मुंबई आहे, कॅथरीन नाही. दोन्ही धातू शेजारी ठेवल्याशिवाय ती सोयरीक पुरी वाचता येत नाही. आणि ते शेजारी ठेवले जात नाहीत, कारण पदकांचे संग्राहक वेगळे, नाण्यांचे वेगळे, कपाटं वेगळी, सूचीही वेगळी. आमच्या विद्यापीठी जगासारखंच.

कॅथरीनचं पुढे फार बरं झालं नाही. मूल झालं नाही, राजाची बाहेरची मुलं डझनभर. १६६७च्या शांततेच्या पदकावर रॉटियेने ब्रिटानिया कोरली तिचा चेहरा फ्रान्सेस स्टुअर्टचा होता, राजा जिच्या मागे लागला होता तिचा. सॅम्युएल पेपीसने आपल्या सोनाराकडे ते पदक बघून रोजनिशीत कौतुकाने नोंद केली आहे. म्हणजे बायकोचा चेहरा लग्नाच्या पदकावर, आणि मनातली बाई देशाच्या जागी. राजा १६८५ मध्ये गेला. त्यानंतर काही वर्षांनी ती पोर्तुगालला परतली, भावासाठी राज्यकारभार पाहिला आणि ३१ डिसेंबर १७०५ रोजी वारली. पाठवणीच्या वेळी यादीत लिहिलेल्या बेटाचं तोंडही तिने कधी पाहिलं नाही.

आम्ही इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.

हो, ताई, बोला. तुमच्याकडे आजीची पुतळ्यांची माळ आहे आणि त्यावर माणसं आहेत. चांगलं विचारलंत. या पुतळ्या मुळात व्हेनिसची सोन्याची नाणी, डुकॅट. व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आली, त्यावर मानवाकृती म्हणून आपण तिला पुतळी म्हटलं, कड्या लावल्या आणि लग्नात गळ्यात घातली. एका बाजूला उभा आहे तो संत मार्क, त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वज घेणारा व्हेनिसचा प्रमुख. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. आपल्या बायकांनी त्यात आपले देव बघितले. परक्याचं नाणं आपल्या लग्नात असं आलं, तह नाही, याद्या नाहीत.

अस्सल नाणं साधारण साडेतीन ग्रॅमचं असतं. पण इथल्या सोनारांनी नंतर स्वतःच्या पुतळ्या पाडल्या. त्यांत अक्षरं ही अक्षरं राहत नाहीत, नुसत्या रेघा होतात. भिंग घेऊन कड बघा. अक्षरं वाचता आली तर एखादी अस्सल असू शकेल. आणि मोडायला नेण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पुसूपासू नका, चिंच तर अजिबात लावू नका, धरायची तर कडेने धरा.